नकार कुणाच्या वाट्याला

नोव्हेंबर 2014 मध्ये 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' हा गेम जगभर विक्रीला आला, पण भारतात आला नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ऐन वेळी तो इथल्या बाजारातून मागे घेतला आणि कारण दिलं ते एका वाक्याचं: स्थानिक कायद्यांचा भंग होऊ नये म्हणून. नेमका कुठला कायदा, गेममधला नेमका कुठला भाग, याचा खुलासा त्यात नव्हता. गेममध्ये नग्नता होती हे खरं, पण तसे प्रसंग असलेले दुसरे गेम आपल्याकडच्या दुकानांत उघड मांडलेले असायचे. त्याच्या आदल्याच डिसेंबरात, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंत केलं होतं. माझ्यासारख्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि जो अर्थ निघायचा तो निघाला.

माझ्यासारख्यांनी म्हणजे गेम खेळणाऱ्या गे मुलांनी. मी साताऱ्याचा, इंजिनीअरिंगला पुण्यात आलो आणि पुण्याचाच झालो. तो गेम माझ्या हाती पडायला बराच काळ जावा लागला. तोवर त्यातल्या एका पात्राबद्दल इतकं वाचून झालं होतं की खेळायला बसलो तेव्हा त्याला भेटायची धडधडच जास्त होती.

डोरियन पावस हे त्याचं नाव. टेव्हिंटर या देशातल्या बड्या घराण्यातला जादूगार. हुशार, देखणा, बोलायला तिखट. त्याच्या देशात घराणी रक्ताची गणितं मांडून लग्नं जुळवतात, पिढ्यान् पिढ्या, जादू अधिक बळकट व्हावी म्हणून. डोरियनसाठीही स्थळ ठरलेलं असतं आणि तो ते नाकारतो, कारण त्याला पुरुष आवडतात. त्याच्या देशात चोरून काही केलं तर त्याकडे कुणी फारसं बघत नाही. लग्न करा, मूल होऊ द्या, मग बाकी काय ते गुपचूप करा, अशी रीत. त्याला ती रीत पाळायची नाही. एवढंच त्याचं बंड.

कथेत पुढे त्याच्या घरून पत्र येतं. ते पत्र घेऊन आलेली मदर जिझेल सुचवते की डोरियनला न सांगता त्याला भेटीला न्यावं. तुम्ही त्याला पत्र दाखवू शकता. मग रेडक्लिफ गावातल्या एका खानावळीत तुम्ही दोघं जाता, आणि तिथे घरचा नोकर भेटायच्या ऐवजी समोर उभा असतो त्याचा बाप, हॅलवर्ड. त्या संवादात कळतं की मुलाला 'बदलण्यासाठी' बापाने रक्ताची जादू वापरायचा घाट घातला होता. रक्ताची जादू म्हणजे त्या जगातलं सगळ्यांत हीन कृत्य, आणि ते हीन आहे हे डोरियनला लहानपणी शिकवलं होतं ते याच बापाने.

मी हा प्रसंग हेडफोन लावून ऐकला आणि गेम थांबवून ठेवला. आपल्याकडे रक्ताची जादू नसते. आपल्याकडे डॉक्टर असतो, बुवा असतो, 'एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं' असं सांगणारा काका असतो. कुणाच्या तरी घरी कांदेपोहे खायला नेतात, मुलगी समोर येऊन बसते, तिला बिचारीला कशाचीच कल्पना नसते. हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. कॅनडात बसलेल्या कुणीतरी लिहिलेल्या, ड्रॅगन आणि जादूगारांच्या कथेत ते इतकं नेमकं यावं याचं कारण लेखक डेव्हिड गेडर. ते स्वतः गे आहेत, आणि डोरियन घडवला तो त्यांनी.

आता मुद्द्याची गोष्ट. या गेममध्ये तुम्ही नायक म्हणून पुरुष किंवा स्त्री निवडू शकता, आणि सोबतच्या आठ जणांपैकी कुणाच्या तरी प्रेमात पडू शकता. पण कुणीही कुणाच्याही नाही. डोरियनला फक्त पुरुष आवडतात, सेराला फक्त स्त्रिया. कॅसांड्राला पुरुषच हवा. जोसेफिन आणि आयर्न बुल यांना दोन्ही चालतात. तुम्ही स्त्री नायिका घेऊन कॅसांड्राशी लाडीगोडी केलीत तर ती एका क्षणी तुम्हाला बाजूला घेते आणि अवघडत, पण आदराने सांगते की तुझ्या भावना कळल्या, माझ्याकडून ते नाही. डोरियनशी एखाद्या स्त्रीने थट्टामस्करी केली तर तोही मजेत उत्तर देतो, पण दार कुठे बंद आहे ते कळतं.

हिशेब मांडून पाहिला तर गे पुरुषाला दोन पर्याय, लेस्बियन स्त्रीला दोन, स्ट्रेट पुरुषाला दोन. स्ट्रेट स्त्रीला चारपर्यंत, मात्र त्यातला सोलास फक्त एल्फ स्त्रीलाच मिळतो. पुरुष नायक घेऊन खेळणाऱ्या स्ट्रेट मुलाची आणि माझी पानं सारखीच वाढलेली होती. मोठ्या पैशाच्या, मोठ्या गाजावाजाच्या गेममध्ये हे क्वचितच दिसतं, आणि म्हणून मला तो गेम आजही फार मोलाचा वाटतो.

कारण त्याआधीचं सगळं आठवतं.

'मास इफेक्ट' 2007 मध्ये आला तेव्हा मी कॉलेजात होतो. अंतराळातली महागाथा, कमांडर शेपर्ड आपण स्वतः, आणि जहाजावर कायडन अलेंको नावाचा एक शांत, थोडा दुखावलेला अधिकारी. स्त्री शेपर्डचं त्याच्याशी जुळू शकायचं. पुरुष शेपर्डचं जुळू शकायचं अॅशलीशी. आणि लिआरा ही असारी प्रजातीची, जिच्यात एकच लिंग असतं, ती दोघांनाही उपलब्ध. म्हणजे पडद्यावर दोन स्त्रीदेह जवळ आलेले चालत होते. दोन पुरुष चालत नव्हते.

इथे एक गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण ती वादांत नेहमी निसटते. कायडनने मला नकार दिला नव्हता. नकार द्यायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. गेममध्ये संवादाचं चक्र समोर येतं, त्यातली एक ओळ निवडली की शेपर्ड बोलतो. पुरुष शेपर्डच्या चक्रात ती ओळच नव्हती. मला काय वाटतं हे बोलायला तोंडच नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून मी जे जगत होतो त्याचंच हे पडद्यावरचं रूप होतं: कुणी हाकलून लावत नव्हतं, कुणी अपमान करत नव्हतं, फक्त त्या वाक्याला जागा नव्हती. त्या वयात मला याचा राग आला नाही. असंच असतं, असं वाटलं. आता राग येतो.

दुसऱ्या भागात, 2010 मध्ये, सोबतच्या लढवय्यांपैकी एकाशीही समलिंगी नातं पूर्णत्वाला जात नव्हतं. त्यातली जॅक ही मुंडण केलेली, अंगभर गोंदलेली, कुणाचंही न ऐकणारी बाई. पुढे 2021 मध्ये तिचे लेखक ब्रायन किंड्रेगन यांनी सांगितलं की घडणीच्या बऱ्याच काळात जॅकला स्त्री-पुरुष असा भेद नव्हताच, नंतर ते बदललं. पहिल्या भागातल्या प्रेमप्रसंगावरून अमेरिकेत फॉक्स न्यूजने जो गदारोळ केला होता त्याची धास्ती त्यामागे होती. ज्यांनी तो गेम कधी खेळला नाही अशा माणसांच्या बडबडीमुळे किती मुलींची जॅक हिरावली गेली.

मग 2012 च्या मार्चमध्ये तिसरा भाग आला. त्यात कायडन सिटाडेल या अंतराळस्थानकावरच्या एका कॅफेत बसून, चाचरत, पुरुष शेपर्डला मनातलं सांगू शकत होता. आणि जहाजावर स्टीव्ह कॉर्टेझ होता. एकदा तो एकटा बसून एक ध्वनिमुद्रण ऐकत असतो. त्याचा नवरा रॉबर्ट एका वसाहतीवरच्या हल्ल्यात गेला, त्याचे शेवटचे शब्द. 'नवरा' हा उल्लेख कॉर्टेझ किती सहज करतो! शेपर्डही दचकत नाही. गेम कुठेच थांबून त्याचा बोभाटा करत नाही. तुम्ही पुरुष असा, स्त्री असा, त्याच्याशी प्रेम जुळवा किंवा न जुळवा, कॉर्टेझ विधुरच असतो आणि त्याचं दुःख त्याचं असतं. त्याला सावरायला तुम्ही मदत केली नाहीत तर शेवटच्या लढाईत तो जिवाला मुकू शकतो. मला कॉर्टेझशी प्रेम जुळवता आलं याचा आनंद झालाच, पण त्याहून खोल काही मिळालं ते हे की माझ्या निवडीवाचूनही तो गे होता.

दुसऱ्या तऱ्हेची न्यायबुद्धीही 'मास इफेक्ट' आणि 'ड्रॅगन एज' दोन्ही बनवणाऱ्या बायोवेअर या कंपनीने आधीच वापरून पाहिली होती. 'ड्रॅगन एज 2', मार्च 2011. पहिल्या भागानंतर सोळा महिन्यांत उरकलेला गेम. त्यात मूळ गेममधले चारही प्रेमाचे साथीदार, अँडर्स, फेन्रिस, इझाबेला, मेरिल, तुमचा नायक स्त्री असो वा पुरुष, त्याच्यावर प्रेम करायला मोकळे. घाईत बनणाऱ्या गेमला हे परवडतं. प्रत्येक प्रेमकथा म्हणजे शेकडो ओळींचं लेखन, ध्वनिमुद्रण, हालचालींचं चित्रण. एका वर्गासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरी अशी बनवत बसण्यापेक्षा तीच सगळ्यांना वाढली की झालं. काटकसर आणि समता एकाच वाटेने आल्या, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण त्यावर ओरड झाली ती मात्र ऐकण्यासारखी होती. एका स्ट्रेट पुरुष खेळाडूची तक्रार होती की कंपनीने तिच्या मुख्य गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष केलं. अँडर्स पुरुष नायकाला स्वतःहून सुचवतो आणि त्याला झिडकारलं तर तो नाराज होतो, हेही लोकांना खुपलं होतं. गेडर यांनी जाहीर उत्तर दिलं. त्याचा आशय असा की हे नातेसंबंध कुणा एका वर्गासाठी लिहिलेले नाहीत, ते सगळ्यांसाठी आहेत. आणि ज्यांना आजवर सगळं आपल्यासाठीच बनतं याची सवय आहे त्यांना सगळ्यांसाठी बनलेलं पाहिलं की अन्याय झाल्यासारखं वाटतं. 2011 मध्ये, एका नोकरदार लेखकाने, कंपनीच्या नावाने हे बोलायला छाती लागते.

तरीही 'ड्रॅगन एज 2' मध्ये एक गोष्ट मला सलते. अँडर्सचा जुना मित्र कार्ल. कथेच्या सुरुवातीलाच कार्लचा भयंकर शेवट होतो. तुमचा नायक पुरुष असेल तर अँडर्स सांगतो की कार्ल त्याचा प्रियकर होता. नायिका स्त्री असेल तर तो हे सांगत नाही. कार्ल मित्रच राहतो. माणूस तोच, मेलेला तोच, भूतकाळ मात्र समोर कोण आहे यावर ठरतो. माझ्या ओळखीतले कितीतरी जण असेच वागतात आणि मीही वर्षानुवर्षं वागलो: ऑफिसात एक गोष्ट, दोन मित्रांत दुसरी. समोरच्याचा अंदाज घेऊन आपलं आयुष्य कमी-जास्त सांगायचं. त्या अर्थाने अँडर्स खराच वाटतो. पण मला दाट संशय आहे की गेमने हे त्या वेदनेपोटी केलं नव्हतं. स्त्री नायिका घेऊन खेळणाऱ्याला आपल्या प्रियकराच्या आयुष्यात आधी एक पुरुष होता हे ऐकावं लागू नये, एवढी सोय त्यात होती. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या पात्रांचा धोका हाच. ती मोकळी राहावीत म्हणून त्यांचा भूतकाळ पुसट ठेवावा लागतो.

माझा मावसभाऊ कराडला असतो, माझ्यापेक्षा बराच लहान. घरात माझ्याबद्दल ज्यांना आधी कळलं त्यांच्यातला तो एक, आणि त्याने ते फार सहज घेतलं. 'सायबरपंक 2077' खेळताना त्याचा फोन आला. त्यातल्या नायकाचं नाव व्ही, तो पुरुष की स्त्री हे आपण ठरवायचं.

"दादा, ही ज्युडी काही पुढे सरकतच नाही रे. सगळं केलं मी तिच्यासाठी."

"तू पुरुष व्ही घेतलायस ना? मग नाही होणार. तिला मुली आवडतात."

"हे आधी सांगायला नको का? किती रात्री घालवल्या मी तिच्यापायी."

"अरे, सांगतेच की ती. एव्हलिनसाठी तिचा जीव किती तुटतो, बघितलं नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं मैत्रीण आहे."

त्याचा दोष नव्हता. दोन मुली एकमेकींसाठी जीव टाकताना दिसल्या तर त्या मैत्रिणीच असणार, असंच आपण सगळे शिकून आलो आहोत. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या या गेममध्ये प्रेमाचे चार मोठे धागे आहेत: ज्युडी फक्त स्त्रीला, पनाम फक्त पुरुषाला, रिव्हर स्त्रीला आणि केरी पुरुषाला. ज्युडीसाठी आणि केरीसाठी तर देहाबरोबर आवाजही जुळावा लागतो. स्त्री व्हीने पनामशी सलगी करून पाहिली तर पनाम साफ, पण प्रेमाने थांबवते आणि मैत्री तुटत नाही. ज्युडी पुरुष व्हीला पाण्याखालच्या तिच्या बुडालेल्या गावात घेऊन जाते, आपलं बालपण दाखवते. तिला त्याच्याबद्दल माया आहे, फक्त ती मैत्रीची.

भावाने मग विचारलं, "मॉड मिळतो दादा, टाकू का?" मॉड म्हणजे हौशी खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल, आणि ज्युडीला पुरुष व्हीसाठी खुली करणारा मॉड मिळतो, हे खरं आहे. माझ्याने पटकन उत्तर देववेना, कारण 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' मध्ये मीही एक मॉड टाकला होता. अॅलिस्टरशी पुरुष नायकाचं जुळावं म्हणून. त्याचं नाव 'इक्वल लव्ह'. 2009 च्या त्या गेममध्ये पुरुषाला पुरुष हवा असेल तर झेव्ह्रन एवढाच होता, तुम्हाला ठार मारायला आलेला मारेकरी. तो मला आवडायचा, पण ज्या माणसाबरोबर अख्खी कथा चालतो तो अॅलिस्टर. मॉडने कुठल्यातरी हौशी माणसाने त्या गाठी सोडवून दिल्या होत्या आणि मी रात्रभर जागलो होतो.

मग भावाचा मॉड आणि माझा मॉड यांत फरक काय? मी बराच विचार केला आहे यावर. अॅलिस्टर स्ट्रेट आहे म्हणून त्याच्या आयुष्यात काहीही सोसावं लागलेलं नाही. त्याचं अनाथपण, गादीवरचा हक्क, गुरूचा मृत्यू, सगळं त्याला पुरुष आवडला असता तरी तसंच राहिलं असतं. ज्युडीकडून तिचा कल काढून घेतला की एव्हलिनवरचा तिचा शोक अर्धा होतो. डोरियनकडून काढून घेतला तर खानावळीतला बाप शुद्धीवर असलेला सज्जन ठरतो. मुलगा चांगल्या मुलीच्या प्रेमात पडलाच की शेवटी! डोरियनला 'सरळ' करणारं कुठलंही रूप म्हणजे हॅलवर्डची जादू यशस्वी करून दाखवणं. त्या विचाराने मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. भावाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याचा कॉम्प्युटर, त्याचा गेम. त्याने मॉड टाकला.

पण ठरलेल्या कलाची पात्रं आपोआप न्याय्य होतात असंही नाही, आणि 'पात्राचा खरेपणा' या नावाखाली फार कंजुषी खपवली जाते. 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' (2019) पाहा. त्यातला नायक बायलेथ. स्त्री बायलेथला एडलगार्ड, डोरोथिया, मर्सिडीज, रिया अशा कथेतल्या वजनदार स्त्रिया. पुरुष बायलेथला सुरुवातीला खराखुरा पर्याय एकच, लिन्हार्ट. त्याखेरीज दोन वयस्क गृहस्थ, ज्यांच्याबरोबरचा शेवट मैत्रीचाच निघतो. टीका झाल्यावर फेब्रुवारी 2020 च्या डीएलसीमध्ये, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या पूरक भागात, युरी आला. 2007 ची लिआरा आणि 2019 ची एडलगार्ड यांच्या मागचा हिशेब एकच दिसतो मला: दोन स्त्रिया पाहायला स्ट्रेट पुरुष गिऱ्हाईक तयार असतं, दोन पुरुष दिसले की ते बिचकतं. यात लेस्बियन मुलींचीही कदर नाही. त्या कुणाच्या तरी नजरेसाठी ठेवल्या जातात. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' मध्ये तर 2011 च्या डिसेंबरात सुरुवात झाली तेव्हा समलिंगी प्रेम नव्हतंच. ते आलं 2013 मध्ये, विकतच्या विस्तारात, मकेब नावाच्या ग्रहापुरतं. एवढ्या आकाशगंगेत आमच्या वाट्याला एक ग्रह, तोही पैसे मोजून.

सगळ्यांत क्लेशदायक प्रकार 'असॅसिन्स क्रीड: ओडिसी'चा. 2018 चा हा गेम प्राचीन ग्रीसमध्ये घडतो. अलेक्सिओस किंवा कसांड्रा होऊन तुम्ही हव्या त्या माणसावर प्रेम करा, पूर्ण मोकळीक. अनेक गे आणि लेस्बियन खेळाडूंनी महिनोन्महिने आपला नायक तसा जगवला. मग जानेवारी 2019 च्या डीएलसीमध्ये कथेनेच नायकाचं विरुद्धलिंगी जोडीदाराशी नातं लावून दिलं आणि मूल जन्माला घातलं. तुम्ही आधी कसेही जगला असलात तरी. कारण काय, तर स्पार्टाचा राजा लिओनायडस, नायकाचा आजोबा, त्याचं रक्त पुढे जायला हवं. त्या टप्प्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याचं नाव होतं 'ग्रोइंग अप', म्हणजे आता शहाणे झालात. युबिसॉफ्टने माफी मागितली, संवाद बदलून ते नातं केवळ वंशासाठी ठेवायची सोय केली, बिल्ल्याचं नाव बदललं. मूल मात्र राहिलं. वंश, वंशाचा दिवा, घराणं पुढे चालायला हवं: हे ऐकण्यासाठी मला ग्रीसला जायची गरज नव्हती. प्रत्येक दिवाळीला कुणी ना कुणी ते मला ऐकवतंच.

याच्या उलट, 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, 2016 चा शेतीचा गेम. त्यात लग्नाजोगे सहा पुरुष, सहा स्त्रिया, आणि तुम्ही कुणीही असा, त्यातल्या कुणाशीही लग्न करू शकता. इथे मला सगळी पात्रं सगळ्यांना खुली असण्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. हा गेम कुणा डोरियनची कहाणी सांगत नाही. तो तुम्हाला एक गाव देतो आणि म्हणतो, राहा. पावसाळी दिवशी समुद्रावर एक म्हातारा खलाशी येतो, त्याच्याकडून 5,000 मोहरांना जलपरीचं पदक घ्यायचं, आवडत्या माणसाला द्यायचं. मग गावाच्या चौकात लग्न. लुईस, गावचा कारभारी, लग्न लावतो. सगळं गाव जमतं. दोन पुरुषांचं असो, दोन स्त्रियांचं असो, समारंभ तोच. पुढे मूल दत्तक घेता येतं.

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि हा विषय संसदेचा आहे असं सांगितलं. त्या संध्याकाळी माझा जोडीदार स्वयंपाकघरात होता आणि मी मुद्दाम स्टारड्यू सुरू करून शेतावर गेलो. हार्वे, गावचा डॉक्टर, माझा नवरा, सकाळची कॉफी घेऊन उभा होता. मला त्यातून दिलासा मिळाला असं म्हणणार नाही. उलट पोटात तुटलं. एका माणसाने एकट्याने बसून लिहिलेल्या गावात जे नियमात बसतं, ते दीडशे कोटींच्या देशात बसत नाही.

2023 च्याच ऑगस्टमध्ये 'बाल्डर्स गेट 3' आला होता. त्यातही मुख्य साथीदार सगळ्यांना खुले. अॅस्टेरियन, गेल, शॅडोहार्ट, कार्लॅक, विल, लेझेल, कुणावरही जीव लावा. पण लॅरियन या बेल्जियमच्या कंपनीने एक मोठी गोष्ट साधली, जी 'ड्रॅगन एज 2' ला जमली नव्हती. एक तर साथीदारांचे भूतकाळ पुसट नाहीत. तुम्ही पुरुष असलात तरी गेलची जुनी प्रेयसी ही मिस्ट्रा देवीच असते. आणि दुसरं म्हणजे डेम एलिन आणि इझोबेल. एलिन ही चंद्रदेवी सेलूनेची मुलगी, इझोबेल तिची प्रिया. इझोबेल मेल्यावर तिचा बाप केथेरिक एलिनला शंभर वर्षं कोंडून ठेवतो. तुम्ही एलिनला सोडवलंत तर दोघींची भेट होते, आणि त्या एकमेकींना ज्या तऱ्हेने कवटाळतात ते पाहताना तुम्ही फक्त एक साक्षीदार असता. तुमचा नायक कोण, तुम्हाला काय आवडतं, याच्याशी त्या दोघींना काही देणंघेणं नाही. स्ट्रेट मुलालाही ती कथा ओलांडून जाता येत नाही.

मला वाटतं खरा तोल इथे सापडतो. साथीदार मोकळे ठेवायचे तर ठेवा, पण त्या जगात अशी माणसंही असू द्या ज्यांचं प्रेम खेळणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. 2024 च्या 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' मध्ये सातही साथीदार सगळ्यांना खुले आहेत, आणि तुम्ही हात पुढे केला नाहीत तर हार्डिंग आणि ताश एकमेकींच्या, म्हणजे एकमेकांच्या (ताश स्वतःला ना स्त्री मानत, ना पुरुष), जवळ येऊ शकतात. तो मार्ग मला आवडला, गेम तितकासा आवडला नाही. त्यात डोरियन पुन्हा भेटतो. केस पिकू लागलेला, तरी बोलायला तसाच तिखट.

आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. साथीदारांचा कल ठरवतात तसा नायकाचाच का ठरवू नये? 2023 च्या 'थर्स्टी सूटर्स' मध्ये जाला ही दक्षिण आशियाई आईबापांची अमेरिकेत वाढलेली मुलगी घरी परत येते. तिच्या जुन्या प्रियकरांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत. ती बायसेक्शुअल आहे आणि ते तुम्ही निवडत नाही. आईशेजारी उभं राहून स्वयंपाक करायचा, तिची नाराजी हळूहळू उतरवायची, असा त्या गेमचा मोठा भाग आहे. मी तो खेळताना स्ट्रेट खेळाडूंचा विचार करत होतो. आयुष्यभर मी त्यांचे नायक होऊन खेळलो. राजकन्या सोडवल्या, बायकोच्या खुनाचे सूड घेतले, आणि त्यात रमलोही. काही तास जाला होऊन राहणं त्यांनाही जमेल.

पुण्यात गेम बनतात. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीने 2020 मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' काढला, आणि तो जगभर खेळला गेला. तेव्हा माझं मागणं पुण्यातल्या, मुंबईतल्या लिहिणाऱ्यांकडे आहे. एक असा गेम लिहा ज्यात वाईच्या वाड्यात, पाहुणे जमलेले असताना, पोह्यांची बशी हातात घेऊन आलेल्या मुलीला एक मुलगा बाजूला नेऊन खरं सांगतो. खेळणारा त्या मुलीच्या जागी असू दे. तिला राग यायचा तर येऊ दे, रडायचं तर रडू दे, त्याला चार शब्द सुनवायचे पर्यायही असू देत. त्याच्या नकाराला पुरेशा ओळी द्या, चांगला नट द्या, ध्वनिमुद्रणाला घाई करू नका. आणि तोच गेम त्या मुलाच्या बाजूने खेळता येईल तेव्हा मागच्या अंगणात त्याची वाट पाहत थांबलेला जो कुणी असेल, त्याच्यासाठीही तितक्याच ओळी लिहा.